गिधाडे गेली, कुत्री वाढली



या आठवड्यात खरे तर पावसाच्या पाण्याविषयी लिहायचे ठरवले होते. पण टपालात एक पत्र आले आणि तो विषय मागे ठेवावा लागला. पत्र आठवीतल्या एका मुलीचे आहे. नाव छापू नका असे तिने वर लाल शाईने लिहिले आहे, म्हणून नाव नाही, गावही नाही. पत्रातला मजकूर असा:

"बाई, आमच्या वर्गात अन्नसाखळीचा धडा झाला. गिधाड हा निसर्गाचा सफाई कामगार आहे असे सरांनी सांगितले. माझे पप्पा नगरपालिकेत सफाई कामगार आहेत हे वर्गात सगळ्यांना माहीत आहे. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, म्हणजे हिचे पप्पा गिधाड. सगळे हसले. सरपण हसले. मी घरी काही सांगितले नाही. बाई, गिधाड वाईट असते का? आणि दुसरे असे की, 'अन्नसाखळीतील एक कडी तुटल्यास काय होईल' असा प्रश्न आला तर 'समतोल बिघडतो' एवढेच लिहायचे का? मैत्रीण म्हणते तेवढ्यावर पूर्ण गुण मिळतात."

पोरी, तुझे दोन प्रश्न आहेत आणि दोन्हींचे उत्तर एकाच गोष्टीत आहे. ती गोष्ट खरी आहे, आपल्या देशात घडलेली आहे, आणि तुझ्या पाठ्यपुस्तकातल्या त्या एका ओळीपेक्षा बरीच मोठी आहे. पण आधी पाया पक्का करू. ज्यांचा धडा पाठ आहे त्यांनीही वाचावे, कारण पाठ असणे आणि समजणे यांत फरक असतो.

गावाबाहेरचे एखादे माळरान डोळ्यांसमोर आणा. तिथे गवत आहे, बाभळी आहेत, गवतावर चरणारी गाय आहे, गाईच्या अंगावर गोचीड आहे, गोचीड टिपणारा बगळा आहे, शेणात शेणकिडे आहेत. त्याशिवाय ऊन, पाणी, माती आणि हवा आहे. सजीव आणि निर्जीव अशा या सगळ्यांचा एकमेकांशी चाललेला व्यवहार म्हणजे परिसंस्था. टान्स्ली नावाच्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ साली या कल्पनेला नाव दिले. व्यवहार हा शब्द मुद्दाम वापरला आहे. किराणा दुकानात जशी देवघेव चालते तशीच इथेही चालते, फक्त इथे उधारी नाही.

या व्यवहारात दोन गोष्टी फिरतात, ऊर्जा आणि द्रव्य. ऊर्जा सूर्याकडून येते. गवत ती पकडते आणि स्वतःचे अन्न तयार करते, म्हणून गवत हा उत्पादक. गाय गवत खाते, ती प्राथमिक भक्षक. गाईला वाघाने खाल्ले तर वाघ द्वितीयक भक्षक. प्रत्येक पायरीवर बरीचशी ऊर्जा चालण्याफिरण्यात, श्वासात, अंग गरम ठेवण्यात खर्च होऊन जाते. पुढच्या पायरीला ढोबळ मानाने दहावा हिस्सा पोचतो. लिंडेमन या अमेरिकन तरुण शास्त्रज्ञाचा या विषयावरचा निबंध १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला, पण तो छापून येण्याआधीच वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापूर्वी तो वारला होता. गवताने शंभर भाकरींइतकी ऊर्जा साठवली तर गाईच्या अंगात दहा भाकरींइतकी उतरते आणि वाघाच्या अंगात एक. म्हणून रानात गवत अमाप, हरणे बऱ्यापैकी आणि वाघ मोजके असतात. ही झाली ऊर्जा. ती एका दिशेने जाते, परत येत नाही.

द्रव्याचे तसे नाही. कर्ब, नत्र, स्फुरद, चुना हे पृथ्वीवर आहेत तेवढेच आहेत. गाईच्या हाडातला चुना कधीतरी मातीत होता आणि पुन्हा मातीत जायला हवा. तो गेला नाही तर पुढचे गवत कशावर वाढणार? म्हणून मेलेल्या देहाचे काय होते हा परिसंस्थेतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. पुस्तकात मात्र त्याला शेवटची दोन वाक्ये मिळतात.

इथे एक गोष्ट परीक्षेसाठी ध्यानात ठेवा. पुष्कळ मुले गिधाडाला विघटक लिहितात आणि अर्धा गुण घालवतात. विघटक म्हणजे जिवाणू आणि बुरशी, जे मृत देह कुजवून त्यातली द्रव्ये मातीला मोकळी करून देतात. गिधाड मांस खाते. ते भक्षकच आहे, फक्त स्वतः शिकार न करता मेलेले खाणारे. त्याला मृतभक्षक म्हणावे.

आता गिधाडाकडे वळू. माझ्या लहानपणी आमच्या गावाबाहेर ढोरे टाकण्याची जागा होती. तिथे आभाळात काळे ठिपके गोल फिरू लागले की कुणाचे तरी जनावर दगावले हे अर्ध्या गावाला कळायचे. गिधाड मोठा पक्षी आहे. पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन मीटरांहून अधिक भरतात. इतके वजन पंख फडफडवून दिवसभर हवेत ठेवणे परवडत नाही. म्हणून सकाळी ऊन तापेपर्यंत ते झाडावर नाहीतर कड्यावर बसून राहते. जमीन तापली की गरम हवेचे खांब वर चढतात, त्यांवर स्वार होऊन ते उंच जाते आणि पंख न हलवता कोसच्या कोस फिरते. जमिनीकडे एक डोळा आणि शेजारच्या गिधाडाकडे दुसरा. एक खाली उतरले की ते पाहून दुसरे येते, दुसऱ्याला पाहून तिसरे, आणि बघता बघता पन्नास-साठ जमतात. असा थवा बसला तर गाईएवढ्या जनावराचे मांस तासाभरात संपते, खाली उरतो सांगाडा. डोक्यावर आणि मानेवर दाट पिसे नसल्याने रक्तमांस चिकटून राहत नाही. पोटातले आम्ल इतके तीव्र की कुजक्या मांसातले बहुतेक जंतू तिथे टिकत नाहीत.

आपल्या देशात गिधाडांच्या नऊ जाती आहेत. त्यांतली पांढऱ्या पाठीची आणि लांब चोचीची गिधाडे महाराष्ट्रात नेहमीची. १९८० च्या दशकात भारतात सगळी मिळून काही कोटी गिधाडे असावीत असा अंदाज सांगितला जातो. पांढऱ्या पाठीचे गिधाड हा तर जगातला सर्वांत जास्त संख्येचा मोठा शिकारी पक्षी असावा, असे १९८५ मध्ये एका तज्ज्ञाने लिहून ठेवले होते. एवढी गिधाडे जगत कशावर होती? आपल्या ढोरांवर. त्या काळात देशात गाईबैल वीस कोटींच्या आसपास आणि म्हशी सात कोटींवर होत्या. त्यांतले दगावलेले जनावर बहुतांश लोक खात नसत. कातडे काढून घेतले जाई, मांस उघड्यावर पडे आणि ते गिधाडांच्या वाट्याला येई. उरलेली हाडे गोळा करणारे वेगळे असत, ती खतासाठी, सरसासाठी जात.

राजस्थानात भरतपूरला केवलादेव नावाचे पक्ष्यांचे राष्ट्रीय उद्यान आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश तिथे गिधाडांची घरटी मोजत असत. १९८० च्या दशकात त्यांना साडेतीनशेच्या आसपास जोड्या मिळाल्या होत्या. १९९६ साली ते परत मोजायला गेले तेव्हा घरटी निम्म्यावर आली होती. झाडांवर मान खाली टाकून बसलेली गिधाडे दिसत, काही दिवसांनी तीच झाडाखाली मरून पडलेली सापडत. २००३ पर्यंत तिथली पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी संपली. मग देशभर रस्त्यांवरून मोटारीने जाऊन मोजणी झाली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली होती. हा आकडा कागदावर लिहून पाहा. हजार होती तिथे एक उरले. इतक्या वेगाने एवढ्या संख्येचा पक्षी नाहीसा होण्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

कारण काय? कोणी म्हणाले साथ आली, विषाणू असेल. कोणी म्हणाले कीटकनाशके. कोणी म्हणाले जंगले तुटली. पण जंगल तुटले तर पक्षी हळूहळू कमी होतो, असा पटापट मरून पडत नाही. शेवटी उत्तर मिळाले ते पाकिस्तानात. लिंडसे ओक्स हे अमेरिकन पशुवैद्य आणि त्यांचे सहकारी तिथल्या पंजाबात मेलेली गिधाडे उघडून पाहत होते. पुष्कळ गिधाडांच्या काळजावर, यकृतावर पांढरा खडूसारखा थर होता. तो युरिक आम्लाचा. मूत्रपिंड निकामी झाले की हे आम्ल बाहेर पडत नाही, आतच साचते. विषाणू तपासले, कीटकनाशके तपासली, जड धातू तपासले. काही निघाले नाही. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला. ही गिधाडे खातात काय? ढोरे. आणि ढोरांना कोणती औषधे देतात, ज्यांचा मूत्रपिंडावर परिणाम होतो? गुरांच्या दवाखान्यांत आणि औषधांच्या दुकानांत चौकशी केली तेव्हा एक नाव वारंवार आले, डायक्लोफेनॅक. २००४ मध्ये हा शोध नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

डायक्लोफेनॅक हे नाव तुमच्या घरातही असेल. आजीच्या गुडघ्याला, बाबांच्या कमरेला डॉक्टर जी दुखण्याची गोळी देतात तिच्या पाकिटावर पाहा. माणसासाठी ते औषध आहे. १९९० च्या दशकात ते स्वस्त झाले आणि लंगडणाऱ्या बैलाला, सुजलेल्या सडाच्या म्हशीला त्याचे इंजेक्शन देणे सर्रास सुरू झाले. त्यात शेतकऱ्याचे काय चुकले? दुखणारे जनावर बरे व्हावे, दोन दिवस जास्त नांगराला चालावे, एवढेच त्याला हवे होते. जनावर वाचले तर औषध काही दिवसांत शरीराबाहेर जाते. पण इंजेक्शनानंतर एक-दोन दिवसांतच जनावर दगावले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर गिधाडाचे मूत्रपिंड ते औषध पेलू शकत नाही. थोडक्या दिवसांत गिधाड मरते.

तुम्ही म्हणाल, अशी किती मेलेली जनावरे असणार? फार नाहीत. शास्त्रज्ञांनी हिशेब केला तेव्हा असे दिसले की शंभर मेलेल्या जनावरांत एकापेक्षाही कमी विषारी असले तरी गिधाडे संपायला ते पुरे आहे. आकडेमोड तुम्हीही करू शकता. गिधाड दर तिसऱ्या दिवशी जेवते असे धरा. वर्षाला सव्वाशेच्या आसपास जेवणे झाली. त्यांतले एक जरी विषारी निघाले तरी खेळ संपला. आणि एका जनावरावर एकटे गिधाड बसत नाही, सगळा थवा बसतो. त्यात गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू मोठे होऊन स्वतः घरटे करायला चार-पाच वर्षे लागतात. मरण घाऊक आणि जन्म किरकोळ, मग दुसरे काय होणार?

इथे आणखी एक गल्लत होते तीही काढून टाकू. नववी-दहावीच्या पुस्तकांत डीडीटीचे उदाहरण असते. डीडीटी चरबीत साचते, प्रत्येक पायरीवर वाढत जाते आणि वरच्या पायरीवरच्या पक्ष्याला बाधते. गिधाडांचे तसे नाही. डायक्लोफेनॅक साचत वाढत जात नाही, एकाच जेवणात मारते. दोन्ही विषेच, पण वाटा निराळ्या.

आता तुझ्या परीक्षेतल्या प्रश्नाकडे येते. कडी तुटली. पुढे काय झाले?

ढोरे मरायची थांबली नाहीत. मांस तसेच उघड्यावर पडून राहू लागले. निसर्गात ताट वाढलेले असले की पाट रिकामा राहत नाही. भाकरीचा तुकडा सांडला तर मुंग्या येतात, तशी इथे भटकी कुत्री आली. उंदीरही आले. पण कुत्रे म्हणजे गिधाड नव्हे. ते तासाभरात जनावर संपवत नाही, दिवसेंदिवस मांस कुजत राहते, ओढ्यात वाहून जाते. कुत्री एका वेळी पाच-सहा पिल्ले घालते. आणि कुत्रे आभाळात राहत नाही, वस्तीत राहते, आणि त्याला रेबीज होतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की गिधाडे गेल्यामुळे देशात किमान ५५ लाख जास्तीची कुत्री वाढली, त्यांनी सुमारे ३ कोटी ८५ लाख जास्तीचे चावे घेतले आणि १९९२ ते २००६ या काळात रेबीजने ४७ हजारांवर जास्तीची माणसे मेली.

त्यापुढचा अभ्यास २०२४ मध्ये अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या एका मोठ्या नियतकालिकात आला. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन हे त्याचे लेखक. त्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे. भारतातले काही जिल्हे पूर्वीपासून गिधाडांना मानवणारे, काही न मानवणारे. गिधाडे होती तेव्हा या दोन्ही प्रकारच्या जिल्ह्यांतले मृत्यूंचे प्रमाण त्यांनी पाहिले, गिधाडे गेल्यानंतरचेही पाहिले. जिथे गिधाडे मुळात नव्हती तिथे त्यांच्या जाण्याने फरक पडायचे कारण नाही. पण जिथे ती होती तिथे मृत्यूंचे प्रमाण चार टक्क्यांहून अधिक वाढले होते. रेबीजच्या लशींचा खप वाढला होता, पाणीही जास्त घाण झाले होते. त्यांचा हिशेब असा की २००० ते २००५ या काळात या एका कारणाने सुमारे पाच लाख माणसे जास्तीची मेली. दर वर्षी एक लाख.

ही माणसे कोण असतील याचा अभ्यासात उल्लेख नाही, पण तुम्ही आम्ही विचार करू शकतो. पहाटे पाचला पाळीवर जाण्यासाठी अंधारात चालत कोण निघते? कचऱ्याच्या ढिगापाशी झोपडी कोणाची असते? ओढ्याचे, हातपंपाचे पाणी कोण पिते? बंद मोटारीतून जाणाऱ्याला कुत्रे चावत नाही.

मुंबईत मलबार हिलवर पारशी बांधवांचे दोखमे आहेत. मृतदेह गिधाडांना अर्पण करण्याची त्यांची फार जुनी रीत. गिधाडे गेली तेव्हा त्यांना उन्हाची उष्णता एकवटणारी आरशांची यंत्रे बसवावी लागली. एका पक्ष्यामुळे एका समाजाच्या अंत्यविधीची अशी अडचण झाली.

घरात कोणी गवंडीकाम करत असेल तर त्यांना विचारा, दगडी कमान बांधताना मधोमध पाचरीसारखा शेवटचा दगड बसवतात त्याचे काम काय? तो आकाराने फार मोठा नसतो. पण काढला तर कमान कोसळते. काही सजीव परिसंस्थेत असे असतात. अमेरिकेतल्या रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञाने समुद्रकाठच्या खडकांवरून एका जातीचे तारामासे उचलून फेकून दिले आणि काय होते ते पाहत राहिला. शिंपल्यांनी सगळी जागा बळकावली आणि तिथे राहणाऱ्या पंधरा जातींपैकी आठच उरल्या. त्याने १९६९ मध्ये अशा सजीवांना कमानीच्या त्या दगडाचे नाव दिले. आपण कळीची प्रजाती म्हणतो. गिधाड ही तशी कळीची प्रजाती. म्हणून 'समतोल बिघडतो' एवढ्यावर थांबू नकोस. पुढे लिही: उदाहरणार्थ, गिधाडे नाहीशी झाली, मृत जनावरे पडून राहिली, भटकी कुत्री वाढली, रेबीज वाढला, पाणी दूषित झाले आणि माणसे मेली. हे लिहूनही कोणी पूर्ण गुण दिले नाहीत तर मला कळव.

आता तुझा पहिला प्रश्न. गिधाड वाईट नसते हे तुझ्या लक्षात आले असेलच. पण त्या मुलाचे बोलणे वेगळ्या कारणाने चुकीचे आहे, आणि सरांचे वाक्यही मला पटलेले नाही, जरी ते पुष्कळ पुस्तकांत छापलेले असले तरी.

गिधाड मेलेले खाते ते सफाई करायला नाही, पोट भरायला. त्याची मान, त्याचे आम्ल, त्याचे पंख लाखो वर्षांत त्याच जगण्यासाठी घडत गेले. त्याला दुसरे काही करता येत नाही. माणसाचे असे कोणतेही शरीर नाही. सफाई करणारा माणूस वेगळे पोट घेऊन जन्मत नाही, त्याचे मूल डॉक्टर होऊ शकते. सफाई हे काम आहे, त्याला पगार आहे, पाळी आहे, हातमोजे आणि गमबूट मिळण्याचा हक्क आहे, संघटना आहे. गिधाडाकडे यांतले एकही नाही. 'निसर्गात प्रत्येकाचे काम ठरलेले असते' हे वाक्य गवताला आणि गिधाडाला लागू आहे. ते उचलून माणसांना लावायचे, ही फार जुनी लबाडी आहे.

आपल्या लोकांना ती चांगली ठाऊक आहे, कारण या गोष्टीतली मेलेली ढोरे गावाबाहेर कोण ओढत होते हे घरोघरी माहीत आहे. मार्च १९२७ मध्ये महाडला जी परिषद भरली, तिथे बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा असे सांगितले. स्पृश्यांनी आपली मेलेली जनावरे आपणच पुरावीत असाही ठराव त्या परिषदेत झाला. माझी आजी सांगायची, आमच्या गावात आपल्या लोकांनी ते काम सोडले तेव्हा एका मोठ्या शेतकऱ्याचा बैल गोठ्यातच दोन दिवस पडून राहिला. धमक्या झाल्या, दुकानातून मीठमिरची बंद झाली. तिसऱ्या दिवशी वासाने त्याच्याच घरातली माणसे जेवेनात. शेवटी त्याने स्वतःच्या दुसऱ्या बैलजोडीला दोर बांधला आणि स्वतः ओढत नेला. पुढचे काम गिधाडांनी केले. आजी म्हणायची, "गिधाडांनी कुणाची जात नाही इचारली, बैल कुणाचा ते बी नाही इचारलं."

गिधाडे गेल्यावर तो प्रश्न नव्याने उभा राहिला. उघड्यावरचे जनावर आता कोणीतरी माणसानेच उचलायचे. कोणी? २०१६ च्या जुलैत गुजरातमध्ये उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना मारहाण झाली, तेव्हा तिथल्या लोकांनी मेलेली जनावरे सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीसमोर आणून टाकली होती आणि हे काम आम्ही करणार नाही असे सांगितले होते. तुझ्या पप्पांच्या खात्यातही रस्त्यावर दगावलेले जनावर उचलण्याची पाळी येत असेल. त्या वेळी गाडी, दोर, मोजे, नंतर हात धुवायला साबण मिळतो का, हे त्यांना विचार. मिळत नसेल तर त्या वर्गातल्या हसण्यापेक्षा तो प्रश्न मोठा आहे.

गिधाडांचे पुढे काय झाले तेही सांगते. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या मोठ्या बाटल्याही बंद झाल्या. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक या गिधाडांना घातक ठरलेल्या आणखी दोन औषधांवर जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम नावाचे औषध गिधाडांना बाधत नाही आणि जनावराचे दुखणेही थांबवते. ज्यांच्या घरी, मामाच्या गावी गाई-म्हशी आहेत त्यांनी हे एक नाव लक्षात ठेवा आणि गुरांच्या डॉक्टरांना ते मागा. हरियाणात पिंजोरला गिधाडांचे प्रजनन केंद्र आहे. तिथे वाढलेली काही गिधाडे २०२४ मध्ये आपल्या पेंच आणि ताडोबाच्या जंगलांत आणली गेली. रायगडात म्हसळ्याच्या बाजूला आणि गडचिरोलीत थोडी गिधाडे अजून आहेत. पण वर्षाला एक अंडे, हे विसरू नका. पूर्वीइतकी संख्या तुमच्या हयातीतही होणे अवघड आहे.

कुत्री मात्र आहेतच. म्हणून घरातल्या मोठ्यांनाही हा भाग वाचून दाखवा. कुत्रे चावले, किंवा नुसते ओरखडले तरी, जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावायचे नाही, घट्ट बांधायचे नाही. मग त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचे, लस तिथे मोफत मिळते. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचे दिवस कधीच गेले. आता चार-पाच वेळा दंडात घ्यावी लागतात, कार्डावरच्या तारखा चुकवायच्या नाहीत. रक्त आले असेल तर जखमेत भरायचे सीरम वेगळे असते, ते आठवणीने मागायचे. कुत्रे ओळखीचे आहे, पिल्लू आहे, म्हणून थांबायचे नाही. आणि पोरांनो, आई रागावेल म्हणून चावा लपवायचा नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि त्याआधी लस घेतली तर वाचतो.

या आठवड्याचा उपक्रम: घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा की त्यांच्या गावात गिधाडे कोणत्या झाडावर किंवा कोणत्या कड्यावर बसत, आणि शेवटची कधी पाहिली. साल आठवत नसेल तर कोणाचे लग्न, कोणता दुष्काळ, कोणती निवडणूक, असे काहीतरी आठवते. ते लिहून गाव आणि तालुक्याच्या नावासह पोस्टकार्डावर पाठवा. आलेली कार्डे तालुक्यांप्रमाणे लावून पुढच्या महिन्यात याच पानावर तक्ता छापू. आणि पत्र लिहिणारी माझी मैत्रीण, पप्पांना तू काही सांगितले नाहीस म्हणतेस, तर तुझ्या कार्डासाठी आधी त्यांनाच विचार.